चमक येते, थर जातो!

पहिलं कार पॉलिशर घ्यायचंय? मग वेगाच्या आकड्याला भुलू नका. सायखेड्याच्या अंगणात एका बॉनेटची वाट लावून मी जे शिकले, ते तुम्ही फुकटात वाचा.

समजा, तुमच्या घरी गाडी आहे. नवी नाही, दहा-बारा वर्षं राबलेली. दुपारच्या उन्हात बॉनेटकडे तिरकं बघितलं, की सूर्याभोवती कोळ्याने जाळं विणावं तसे बारीक गोल ओरखडे दिसतात. तुम्ही मोबाइल काढता, एक रील बघता. त्यात एक मुलगा मशीन फिरवतो आणि अर्ध्या मिनिटात गाडी आरशासारखी होते. पुढच्या मिनिटाला तुम्ही ‘कार पॉलिशर’ सर्च केलेलं असतं. तीन हजार आरपीएम, बाराशे वॅट, सोबत सहा पॅड फ्री! बोट ‘बाय नाऊ’वर जातं.

तिथेच थांबा. माझं तर तेवढंही झालं नव्हतं. मी मशीन घेतलंच नाही, घरात होतं त्यावरच भागवलं.

सायखेडा हे माझं आजोळ. निफाड तालुक्यातलं गोदाकाठचं गाव, पूल ओलांडला की पलीकडे चांदोरी. मामाची गडद निळी वॅगन-आर. कांद्याचे दोन पैसे बरे झाले त्या वर्षी घेतलेली, म्हणून घरात तिला ‘कांद्याची गाडी’च म्हणतात. ऑगस्ट २०१९मध्ये गोदावरीचं पाणी चांदोरी-सायखेड्यात शिरलं, तेव्हा मामाने आधी आजीला हलवलं आणि मग गाडी. पाणी ओसरल्यावर गाडीवर चिखलाचा थर होता. आम्ही सगळी पोरं फडकी घेऊन धावलो आणि तो पुसून काढला. नदीचा गाळ म्हणजे बारीक वाळूच, त्यामुळे आम्ही गाडीला पॉलिश पेपर घासत होतो, हे तेव्हा कुणाच्या डोक्यात आलं नाही. वर द्राक्षबागेतली धूळ, फवारणीचे उडालेले थेंब आणि रोजचं कोरडं फडकं आहेच.

दोन वर्षांपूर्वी मामेबहिणीचं लग्न ठरलं. वरातीत ‘आपली गाडी’ चमकली पाहिजे, असं मीच जाहीर केलं. मामाकडे बागेच्या मांडवाचे अँगल कापायचा चार इंची ग्राइंडर होता. ऑनलाइन एक फोमचं पॅड मागवलं, ग्राइंडरला बसतं असं लिहिलेलं. रबिंग कंपाउंडची डबी आणली. मामेभाऊ व्हिडिओ काढत होता. मी बॉनेटच्या कडेवर ग्राइंडर टेकवला.

दोन-तीन सेकंद. बस, तेवढेच. जळक्या प्लॅस्टिकसारखा वास आला आणि पॅड उचललं तर तळहाताएवढा पांढुरका, मेलेला डाग. पुसला, तरी जाईना. पाणी मारलं की दिसेनासा व्हायचा, वाळला की परत हजर.

मामा आला, बघितलं, म्हणाला, ‘‘जाऊ दे गं. गाडी चालती ना?’’ वरातीत बॉनेटवर झेंडूची माळ जरा जास्तच लांब सोडली गेली. मामाने मला एक शब्द बोलून दाखवला नाही. पण तेव्हापासून तो गाडी भिंतीकडे तोंड करून लावतो.

तिथे नेमकं काय गेलं?

नाशिकला परतल्यावर एका डेंटिंग-पेंटिंगवाल्या काकांना फोटो दाखवला. ते म्हणाले, ‘‘पोरी, रंग नाही जळला. रंगावरचं लॅकर गेलं.’’

पहिला धडा इथेच आहे. आजच्या बहुतेक गाड्यांच्या पत्र्यावर आधी प्रायमर असतो, मग रंग आणि सर्वांत वर पारदर्शक थर. त्याला क्लिअर कोट म्हणतात, गॅरेजच्या भाषेत लॅकर. ही पद्धत १९८०च्या दशकापासून जगभर रुळत गेली. चमक त्या वरच्या थराची असते, ऊन-पावसापासून रंगाला वाचवतो तोही तोच. आणि तो किती जाड असतो? साधारण ३५ ते ५० मायक्रॉन. म्हणजे तुमच्या डोक्यावरच्या केसापेक्षाही बारीक.

आता पॉलिश म्हणजे काय, ते बघा. आपल्याला वाटतं, पॉलिश म्हणजे गाडीला काहीतरी लावणं. खरं तर ते काढणं असतं. ओरखडा म्हणजे त्या पारदर्शक थरातली बारीक चर. चरीच्या कडांवर उजेड वेडावाकडा परततो, म्हणून ती दिसते. कंपाउंडमधले बारीक कण चरीच्या आजूबाजूचा थर घासून समपातळीत आणतात. उजेड सरळ परततो आणि आपण म्हणतो, ‘‘वा, काय चमकली!’’ चमक आली, पण तेवढा थर गेला. नीट केलं तर दर वेळी काही मायक्रॉनच जातात. चुकलं तर सगळाच जातो. आणि गेलेला थर कुठलंही पॉलिश परत आणत नाही, त्यासाठी पुन्हा रंगच मारावा लागतो.

म्हणून पहिलं मशीन निवडताना ‘हे किती लवकर चमकवतं?’ असं विचारू नका. ‘माझी चूक झाली तर हे मला किती वेळ देतं?’ असं विचारा.

तीन मशिन्स, तीन वेग

हा प्रश्न आकड्यांत मांडू. अकरावीचं वर्तुळाकार गतीचं सूत्र आठवतंय? परिघ गुणिले फेरे. मी कागदावर मांडलं आणि गार पडले.

चार इंची ग्राइंडर मिनिटाला साधारण ११,००० फेरे घेतो. त्याला १०० मिलिमीटरचं पॅड लावलं, तर पॅडची कड ताशी २०० किलोमीटरपेक्षा जास्त वेगाने रंगावर घासते. मी मामाच्या बॉनेटवर जवळजवळ रेसिंग कार चालवली होती. शिवाय पॉलिशिंगची पॅड्स एवढ्या वेगासाठी बनवलेलीच नसतात. ते सुटून तोंडावर आलं नाही, हे नशीब. ग्राइंडरला पॅड लावायचा जुगाड कुठे दिसला, तर तो व्हिडिओ तिथेच बंद करा.

दुसरं, रोटरी पॉलिशर. दिसायला ग्राइंडरचाच थोरला भाऊ, पण वेग कमी, साधारण ६०० ते ३,००० फेरे. पॅड एका अक्षाभोवती सरळ गोल फिरतं. १५० मिलिमीटरचं पॅड पूर्ण वेगात असेल, तर कडेचा वेग ताशी ८५ किलोमीटरच्या आसपास जातो. गॅरेजमध्ये बहुतेक हेच दिसतं, कारण ते झपाट्याने काम करतं. कसलेला माणूस यावर जादू करतो. पण घर्षण एकाच दिशेने होत असल्याने उष्णता एका जागी साठते. हात जरा रेंगाळला की लॅकर जळतं. नाही जळलं, तरी नवख्याच्या हातून उन्हात दिसणारी धुरकट वळणं राहतात, त्यांना होलोग्राम म्हणतात. जुने ओरखडे घालवले आणि नवे काढून ठेवले, असा प्रकार.

तिसरं, ड्युअल अ‍ॅक्शन म्हणजे डीए पॉलिशर. यात पॅड दोन हालचाली करतं. छोट्या वर्तुळात थरथरत घुमतं आणि त्याच वेळी स्वतःभोवती सावकाश फिरतं. घरातलं उदाहरण म्हणजे आजी जात्यावर बसते तसं नाही, तर भांडी घासताना तिचा हात छोटे छोटे गोल काढत पुढे सरकतो तसं. १५ मिलिमीटरच्या वर्तुळात मिनिटाला ४,००० वेळा घुमणारं पॅड घ्या. त्या घुमण्याचा वेग येतो ताशी साधारण ११ किलोमीटर, म्हणजे सायकलचा. पॅडचं स्वतःभोवती फिरणं त्यात मिळवलं, तरी रोटरी खूप पुढे राहते.

डीएची खरी खुबी वेगळीच आहे. तुम्ही जास्त दाब दिला किंवा पॅड कडेवर तिरकं टेकवलं, तर त्याचं स्वतःभोवती फिरणं मंदावतं, कधी थांबतंच. व्यावसायिकाला याचा वैताग येतो. नवशिक्याला मात्र तोच ब्रेक असतो, मशीनच सांगतं, ‘‘चुकतंय.’’ ते फिरणं दिसावं म्हणून बॅकिंग प्लेटच्या कडेवर मार्करने एक रेघ मारून ठेवा. रेघ फिरताना दिसली, तर काम चालू आहे. एका जागी थरथरतेय, तर दाब कमी करा.

डीएमध्येही एक पोटजात आहे, फोर्स्ड रोटेशन. यात गिअर पॅडला फिरवतच ठेवतो, ते अडत नाही. ताकद जास्त, क्षमा कमी. ते दुसरं मशीन म्हणून घ्या.

डीए ठरलं, पण कुठलं?

दुकानात किंवा साइटवर पहिला आकडा बघायचा तो ‘थ्रो’चा, म्हणजे त्या छोट्या वर्तुळाचा व्यास. ८, १५ आणि २१ मिलिमीटर हे नेहमी दिसणारे आकडे. ८चं मशीन हाताळायला सोपं आणि कडा-कोपऱ्यांत बरं, पण वेळ खातं. २१चं मोठ्या सपाट बॉनेटवर झरझर चालतं, मात्र आपल्या छोट्या हॅचबॅकच्या वळणदार दारांवर सांभाळणं जड जातं. पहिल्या मशीनसाठी १५ हा मधला मार्ग. १९४७मध्ये सुरू झालेल्या इटलीतल्या रुपेस कंपनीची १५ आणि २१ची मशिन्स जगभरचे डिटेलिंगवाले वापरतात. आज बाजारात त्याच मापाची स्वस्त मशिन्सही भरपूर आहेत. शिकायला ती पुरतात.

दुसरं, बॅकिंग प्लेट. पाच इंची घ्या. पॅड त्यापेक्षा अर्धा-एक इंच मोठं हवं, म्हणजे प्लेटची कडक कड रंगाला लागत नाही.

तिसरं, वेग कमी-जास्त करायची चकती आणि सॉफ्ट स्टार्ट. सॉफ्ट स्टार्ट नसेल, तर बटण दाबताच मशीन झटका देतं आणि कंपाउंड भिंतीवर, चष्म्यावर, शेजारच्या बाइकवर उडतं.

चौथं, वॅट बघून हरखू नका. डीएला ५०० ते ९०० वॅट पुष्कळ झाले. त्यापेक्षा वजन बघा. दोन-तीन किलोचं मशीन दुकानात हातात धरायला सोपं वाटतं. तेच दाराच्या उभ्या पत्र्यावर अर्धा तास धरून बघा.

पाचवं आणि आपल्याकडे सगळ्यात महत्त्वाचं, कार्बन ब्रश आणि प्लेट सुटे मिळतात का? दुरुस्ती नाशिकमध्ये होते का? दुकानदार ‘कंपनीला पाठवावं लागेल’ म्हणाला, तर पुढचं दुकान गाठा.

आणि अमेरिकेतला चुलतभाऊ येताना मशीन आणणार असेल, तर खूश व्हायच्या आधी त्याला लेबल वाचायला सांगा. तिकडची मशिन्स १२० व्होल्टची असतात, आपल्याकडे वीज २३० व्होल्टची. थेट लावलंत, तर पहिल्याच दिवशी धूर.

विजेचं निघालंच आहे, तर अंगणात काम करणाऱ्यांनी मोबाइल चार्जिंगचा पातळ एक्स्टेन्शन बोर्ड वापरू नये. वायर जाड हवी आणि जोड पाण्यात नको. गाडी धुतलेली जमीन वाळू द्या, मगच मशीन लावा. बॅटरीवरची डीए मशिन्सही आली आहेत. वायरची कटकट नाही, पण एका चार्जमध्ये पूर्ण गाडी होत नाही आणि जास्तीची बॅटरी महाग पडते. पहिलं मशीन वायरवालंच बरं.

सगळे पैसे मशीनमध्ये घालू नका

आपण विद्यार्थी. बजेट ठरलेलं असतं आणि ते बहुतेक आईला विचारून ठरलेलं असतं. किमती रोज बदलतात, म्हणून आकडा देत नाही. पण हिशेब असा धरा, की हातातल्या पैशातला दोन तृतीयांश भाग मशीनला आणि उरलेला पॅड, पॉलिश, मायक्रोफायबर कापडांना. मशीन नुसतं हलवतं, रंगाला लागतं ते पॅड आणि द्रव.

पॅड तीन प्रकारची. लोकरीचं आणि मायक्रोफायबरचं जोरात कापतं. फोममध्ये कडक, मध्यम आणि मऊ असे प्रकार असतात. सुरुवातीला मध्यम फोमची तीन-चार आणि मऊ फोमची दोन पॅड घ्या, लोकर नको. एकाच पॅडवर अख्खी गाडी होत नाही, ते तापतं, कंपाउंडने तुडुंब होतं. रंगांचा भरवसा धरू नका, एका कंपनीचं कडक पॅड पिवळं असतं, दुसरीचं मऊ. डब्यावर काय लिहिलंय ते वाचा. द्रवात एक मध्यम पॉलिश पुरतं. ‘हेवी कट’ची बाटली दुकानातच राहू द्या.

‘सहा पॅड फ्री’ असतात, त्यांचं काय? सरावाला वापरा. घरच्या गाडीला लावू नका.

पहिला दिवस भंगाराचा

घरच्या गाडीवर शिकू नका. भंगारवाल्याकडे जुनं बॉनेट किंवा दार मिळतं. ते विटांवर ठेवा आणि मनसोक्त चुका. मी नंतर हेच केलं. एका मैत्रिणीच्या भावाकडून डीए उसनं आणलं आणि पंधरा दिवस एका लाल दारावर हात बसवला. कडेवर मुद्दाम दाब देऊन बघितला, मशीन थांबताना बघितलं. जुन्या एकथरी रंगाच्या पत्र्यावर पॅडला गाडीचाच रंग येतो, त्याला घाबरू नका. क्लिअर कोट असलेल्या गाडीवर पॅडला रंग आला, तर मात्र ताबडतोब थांबा.

मग खरी गाडी. आधी भरपूर पाण्याने धुवा. माती वाहून जाऊ द्या, पुसू नका. बागेजवळ उभ्या राहणाऱ्या गाडीवर बोर्डोचे, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचे निळसर थेंब वाळलेले असतात. ते कोरडे घासलेत, तर नवे ओरखडे ठरलेलेच. धुतल्यावर हातात पातळ प्लॅस्टिकची पिशवी घालून पत्र्यावरून फिरवा. खरखर लागली, तर क्ले बारने ती काढा. मग कडा, बॉडीवरच्या धारदार रेषा आणि काळं प्लॅस्टिक यांना मास्किंग टेप लावा. कडेवर थर सगळ्यात पातळ असतो. माझा डाग कुठे पडला होता, आठवतंय ना?

जागा सावलीची हवी आणि पत्रा गार. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीवर पॉलिश टाकलंत, तर ते क्षणात सुकून चिकटेल. उलट डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा बातमीत यायला लागला, की सकाळी गाडीवर दव असतं. तेव्हा दहा वाजेपर्यंत चहा प्या.

आता दोन फूट बाय दोन फुटांचा तुकडा घ्या. पॅडवर वाटाण्याएवढे तीन-चार थेंब. मशीन बंद असताना ते पत्र्यावर टेकवून पसरवा आणि मगच सुरू करा. आधी आडवं, मग उभं, अंगण सारवल्यासारखं प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर अर्धा चढवत. सावकाश, सेकंदाला इंच-दोन इंच. चार-सहा फेऱ्या झाल्या, की पुसा आणि मोबाइलचा टॉर्च लावून बघा. याला टेस्ट स्पॉट म्हणतात. तो मनासारखा झाला, तरच पुढे जा. नाही झाला, तर लगेच कडक पॅडवर उडी मारू नका. वेग, दाब, पॅडची स्वच्छता आधी तपासा. चष्मा आणि मास्क विसरू नका.

आणि एक, नखाची परीक्षा. ओरखड्यावरून नख आडवं फिरवा. नख अडकलं, तर तो खोल आहे. तो घालवायच्या हट्टाने मशीन तिथेच दाबून धरलंत, तर लॅकर संपेल. काही ओरखडे राहू द्यायचे असतात. नव्वद टक्के जाळं गेलं, तरी गाडी ओळखू येत नाही. शेवटी वॅक्स किंवा सीलंट लावा, कारण पॉलिशने थर उघडा होतो, त्याला संरक्षण मिळत नाही.

मशीन घ्यायचंच का?

हा प्रश्न शेवटी ठेवला, कारण आधी विचारला असता, तर तुम्ही पान उलटलं असतं. घरात एकच गाडी असेल, तर पॉलिश वर्षातून एकदाही लागत नाही, लागूही नये. तो ३५-५० मायक्रॉनचा साठा गाडीच्या अख्ख्या आयुष्याला पुरवायचा आहे. तेव्हा चार मित्रांनी मिळून एक मशीन घ्या. सुट्टीत लोकांच्या गाड्या करून खर्च भागवायचा विचार असेल, तर छानच, पण पैसे घ्यायला लागलात की रंगाची जाडी मोजणारं मीटर घ्या. कारखान्यातल्या रंगाचे सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतात. आकडा फार कमी आला, तर त्या पॅनेलवर आधीच कुणीतरी घासून गेलंय. फार जास्त आला, तर खाली लांबी आहे, म्हणजे पॅनेल ठोकून पुन्हा रंगवलंय. दोन्ही वेळा मालकाला आधी दाखवा, मग हात लावा. दुसऱ्याच्या बॉनेटवर ‘जाऊ दे गं’ म्हणणारा मामा नसतो.

या दिवाळीच्या सुट्टीत मी डीए घेऊन पुन्हा सायखेड्याला गेले. मामाने चावी दिली, पण खुर्ची टाकून समोरच बसला. दारं, डिकी, छत झालं. पुराच्या गाळाचं जाळं बरंच गेलं, निळा रंग निळा दिसायला लागला. बॉनेट मी शेवटी घेतलं. डाग तसाच आहे, त्यावर टेप लावून बाकीचं केलं. तो आता पेंटरच काढेल, पैसे मी साठवतेय.

संध्याकाळी मामा गाडी घेऊन सोसायटीत जाऊन आला. परत आल्यावर त्याने गाडी लावली. तोंड रस्त्याकडे करून.

खरेदीआधी खिशात ठेवायची चिठ्ठी

- ग्राइंडरला पॅड कधीच नाही. पहिलं मशीन रोटरी नाही, डीए.
- थ्रो १५ मिलिमीटर, प्लेट पाच इंची, पॅड त्याहून थोडं मोठं.
- वेग बदलायची चकती, सॉफ्ट स्टार्ट आणि २३० व्होल्ट, हे तिन्ही तपासा.
- कार्बन ब्रश, प्लेट आणि दुरुस्ती जवळ मिळते का, ते आधी विचारा.
- बजेटचा तिसरा हिस्सा पॅड, पॉलिश आणि कापडांसाठी बाजूला काढा.
- सराव भंगारातल्या पत्र्यावर, खरी गाडी नंतर.
- कडांना टेप, पत्रा गार, आधी टेस्ट स्पॉट.
- नख अडकलं, तर तो ओरखडा सोडून द्या.